दोन नंबरची स्क्रीन

१

आमच्या दुकानाच्या बोर्डावर 'साधना डिजिटल फोटो' असं लिहिलं आहे. साधना माझी बायको. बोर्डाला तिचं नाव मीच दिलं, लग्नाच्या पहिल्या वर्षी, प्रेमाच्या भरात. तेव्हा तिला माउस कसा धरायचा तेही माहीत नव्हतं. आपल्याच हातानं पायावर धोंडा पाडून घेणं म्हणतात ते हेच. आता मेडशीच्या स्टँडवर उतरलेला माणूस 'साधनाताईचं दुकान कोणतं' असं विचारत येतो, आणि मी समोर उभा असलो तरी मला म्हणतो, "ताई आहेत का?"

दुकान म्हणजे आमच्या घराची पुढची खोली. रस्त्याकडे दार, दाराजवळ गिऱ्हाइकांसाठी बाक, आणि आतल्या बाजूला कॉम्प्युटरचं टेबल. टेबलाच्या उजव्या हाताला लगेच भिंत. त्या भिंतीपलीकडे स्वयंपाकघर. घरात आम्ही दोघंच. मी लग्नं शूट करायला हिंडतो, साधना घरी बसून अल्बम आणि बॅनर बनवते.

आमच्या कामातली एक रीत आधी सांगतो. इकडे लग्नाच्या अल्बममध्ये घरच्यांच्या फोटोत गेलेला माणूससुद्धा लागतो. नवरदेवाचा बाप वारला असला तरी फोटोत तो फेटा बांधून आईशेजारी उभा पाहिजे. घरात त्याचा फोटो असतो तो आधार कार्डाएवढा, नुसता चेहरा. मग धड कुठून आणायचं? धड माझं. एक मोतिया रंगाचा कोट त्यासाठीच घेऊन ठेवला आहे. तो घालून, फेटा बांधून मी उभा राहतो, साधना फोटो काढते आणि माझ्या मानेवर त्या माणसाचा चेहरा बसवते. तालुक्यात किती घरांच्या भिंतींवर माझे खांदे टांगलेले आहेत, कोण जाणे. चेहरा मात्र एकाही ठिकाणी माझा नाही.

चेहरा बसवावा तर साधनाताईनं, असं लोक म्हणतात. खोटं नाही म्हणत. मला तेच खुपतं.

२

तुळशीच्या लग्नानंतर कामाची गर्दी सुरू झाली आणि कॉम्प्युटर रडायला लागला. मोठी फाइल उघडायला लावून जेवून यावं, तरी ती उघडलेली नसे. मी ग्राफिक्स कार्ड टाकायचं ठरवलं. साधनासाठी नाही, खरं सांगतो. मला स्वतःला पुन्हा अल्बम बनवायला बसायचं होतं. मशीन चांगलं झालं की हात कोणाचा चांगला ते दिसेलच, असं माझ्या मनात होतं.

अकोल्याहून कार्ड आणलं आणि मोबाइलवर व्हिडिओ बघत बघत बसवलं. बटण दाबलं. पंखा फिरला, दिवा लागला, पण स्क्रीन काळी. कार्ड काढून परत बसवलं. रॅम काढून खोडरबरानं घासली. तरी काळी. साधना कणकेचे हात घेऊन दारात उभी होती.

"वायर तं तुमी जुन्याच जागी लावली," ती म्हणाली. "नव्या कार्डाले भोकं कायले देल्ले मंग?"

मॉनिटरची वायर मी नव्या कार्डात घातली आणि स्क्रीन लागली. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत मी तिच्याशी बोललो नाही.

लागली, पण धड नाही. चेहरे पसरट दिसायचे, अक्षरं फाटायची, मध्येच सगळं काळं होऊन परत यायचं. शेवटी आमच्या तालुक्याच्या मालेगावहून संघदीपला बोलावलं. त्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे आणि माझी त्याची जुनी दोस्ती आहे. त्यानं जुना ड्रायव्हर मुळापासून काढला, नवा टाकला आणि चेहरे जागच्या जागी आले. मग डिस्प्लेच्या सेटिंगचं पान उघडलं, आणि तो थांबला.

"जगदेवभाऊ, दुसरा मॉनिटर कुठी ठेवला?"

"कोणता दुसरा?"

पानावर दोन चौकोन होते. एकावर १ लिहिलेलं, आणि त्याच्या उजव्या अंगाला चिकटून दुसरा, त्यावर २. दोन नंबरचा चौकोन एकापेक्षा मोठा होता.

"हा पाहा ना. आपली साइज सांगून राह्यला, रंग सांगून राह्यला. मॉनिटर लावला असन तरच हे येते." संघदीप टेबलामागे वाकून बघून आला. कार्डाला एकच वायर होती. तो हसला. "ड्रायव्हरचा घोळ असन. होते कदी कदी. काढून टाकू का?"

"कामात काही अडचण येईल का?"

"नाई बावा. फक्त माउस उजव्या कडेच्या भायेर जाईन."

"मग राहू दे," मी म्हणालो. स्क्रीन एवढ्या मुश्किलीनं सुरळीत झाली होती. परत बिघडली तर साधना पुन्हा दारात येऊन उभी राहील, याची मला जास्त धास्ती होती. पण संघदीप गेल्यावर मी ते पान पुन्हा उघडून बघितलं. नसलेल्या मॉनिटरची साइज माझ्या मॉनिटरपेक्षा दुप्पट होती. नसलेल्या वस्तूचाही मला हेवा वाटला. असा माझा स्वभाव आहे.

३

माउसचा बाण खरंच बाहेर जायचा. उजवी कड आली की इतर कॉम्प्युटरवर बाण अडतो. इथे तो सरळ भिंतीत शिरायचा. परत ओढला की यायचा, पण जिथून गेला तिथून नाही. वरून गेलेला खालून यायचा. आणि लगेच यायचा नाही. पोराच्या हातून खेळणं घ्यावं तसा जरा वेळ ओढावा लागायचा.

मी स्वतःची समजूत घातली. माउस जुना आहे, त्याच्याखालची चटई झिजली आहे. नवी चटई आणली. फरक पडला नाही.

त्या आठवड्यात भागिरथाबाईंच्या मुलाच्या लग्नाचा अल्बम हातात होता. भागिरथाबाई गावातल्याच. नवरा माणिकराव वारलेला, तो फोटोत हवा होता. मी साधनाला म्हटलं, हा मी करतो. कोटातला माझा फोटो घेतला, माणिकरावांचा चेहरा कापला, बसवला. पोस्टाचं तिकीट चिकटवल्यासारखा दिसत होता. पुन्हा बसवला. आता तिकीट तिरकं दिसत होतं.

"सरका जरा," साधना म्हणाली. ती खुर्चीत बसली, तिनं तो फोटो माउसनं पकडला आणि उजवीकडे ओढला. अर्धा दिसला, मग पाव, मग स्क्रीन रिकामी.

"अगं, कुठे नेलास?"

"तिकडे. तिकडे जागा लई हाये."

आणि ती काम करायला लागली. मान उजवीकडे वळवून, समोर नुसती चुन्याची भिंत. माउस सरकत होता, बटणं टिकटिकत होती. तिचे डोळे बारीक झाले होते, सुईत दोरा ओवताना होतात तसे. मी भिंतीकडे बघितलं. एक खिळा होता, एक पाल होती. माझी थट्टा चालली आहे असं मला वाटलं आणि मी चिडून बाहेर निघून गेलो.

परत आलो तेव्हा फोटो स्क्रीनवर आणून ठेवला होता. काम झालेलं होतं.

४

भागिरथाबाई फोटो बघायला आल्या. साधनानं तो मोठा करून दाखवला. त्या बाकावरून उठून स्क्रीनसमोर वाकल्या.

"हा फोटो तुमाले कुठी भेटला?"

"तुमीच तं देल्ला होता, मावशी. आधार कार्डावरचा."

"त्या फोटोत त्याईनं तोंडाले कुलूप लावलेलं हाये. माह्या मालकानं फोटोत दात कदी दाखोले नाई." त्यांनी बोट स्क्रीनच्या जवळ नेलं. "हे त्याईचं घरातलं हसणं हाये, बाई. मी सोडून कोणी नाई पाह्यलं."

त्यांनी पदर डोळ्याला लावला. साधनाच्या तोंडावर समाधान होतं. मी चेहऱ्याकडे बघत नव्हतो. चेहरा तिनं सुंदरच केला असणार. मी धडाकडे बघत होतो.

मी कोट घालून उभा राहिलो तेव्हा दोन्ही हात खाली सोडले होते. नेहमीच सोडतो. फोटोतल्या माणसाचा उजवा हात भागिरथाबाईंच्या खांद्यावर होता. हात माझाच होता. अंगठ्याखालचा भाजल्याचा डाग स्पष्ट दिसत होता. पण असा हात मी कोणाच्याच खांद्यावर कधी ठेवला नव्हता. आमच्याकडे चारचौघांत तशी पद्धत नाही. माझ्या बायकोच्या खांद्यावरही मी ठेवलेला नाही.

"हा हात कुठून आणलास?" बाई गेल्यावर मी विचारलं.

"तुमीच तं मंग तसे उभे राह्यले."

"कधी?"

ती हसली आणि चहा टाकायला आत गेली.

५

मग मी नाही नाही ते धंदे केले. तिचा मोबाइल बघितला. माहेरचे लोक, गिऱ्हाइकं, गॅसवाला. आजकाल इंटरनेटवरून दुसऱ्याचा कॉम्प्युटर लांबून चालवता येतो, म्हणून वायफायचा डबाच काढून कपाटात ठेवला. तिकडे कोणीतरी कारागीर बसला आहे, तिला काम करून देतो आहे आणि ही माझ्या घरात त्याच्याशी हसते आहे, असं मी धरून चाललो होतो. नेट नव्हतं तरी फोटो उजवीकडे जात होते आणि जिवंत होऊन परत येत होते.

माणसाला चोर सापडला नाही की तो घरच्यांवर ओरडतो. मीही ओरडलो. मानोऱ्याकडच्या तांड्यावरचं लग्न शूट करून संध्याकाळी आलो होतो, अंग दुखत होतं. तिनं ताट वाढलं. मी ताट बाजूला सारलं.

"कोण असतं तिकडे?"

"कुठी?"

"भिंतीकडे तोंड करून बसतेस. हसतेस. शेजारच्या बाया सांगतात मला, दिवसभर बोलण्याचा आवाज येतो म्हणून. कोणाशी बोलतेस?"

साधना माझ्याकडे बघत राहिली. तिला राग आला नव्हता. तिला खरंच कळत नव्हतं.

"अवो, तुमच्याशीच तं."

"मी लग्नात होतो दिवसभर!"

"दुपारी तं आले होते ना. बसले होते बाजूले." तिचा आवाज मऊ झाला. "आज मले म्हणाले का तुह्या हातात जादू हाये, साधना. नऊ वर्षांत पह्यल्यांदा म्हणाले. मंग आता काहून असे करून राह्यले?"

मी मानोऱ्याकडे तांड्यावर होतो. दीडशे माणसांनी मला बघितलं होतं. माझ्या कॅमेऱ्यात त्या दुपारचे फोटो होते.

मला भीती वाटायला हवी होती. पण आधी आला तो जळफळाट. ते वाक्य कोणीतरी माझ्याआधी बोलून गेलं होतं. नऊ वर्षं ते माझ्या जिभेवर होतं आणि मी ते कंजूषपणानं दाबून ठेवलं होतं. तिचा चेहरा त्या वाक्यानं अजून उजळलेला होता. तो उजेड माझा नव्हता.

६

दुसऱ्या दिवशी मी कॅमेऱ्याची बॅग घेऊन निघालो, स्टँडवर एक चहा घेतला आणि ऊन तापल्यावर परत आलो. दुकानाचं दार ओढून घेतलेलं होतं. आतून साधनाचं हसणं ऐकू आलं. मग माउसची टिकटिक. मग कोणीतरी घसा साफ केला. मी जसा करतो तसा, दोनदा.

दार ढकललं. ती एकटी होती, मान भिंतीकडे. मला बघून तिला नवल वाटलं नाही. "चहा टाकते," एवढं म्हणून ती उठून स्वयंपाकघरात गेली. गॅस पेटल्याचा आवाज आला, पातेलं ठेवल्याचा आला. मी तिच्या खुर्चीत बसलो. खुर्ची गरम होती. शेजारी ओढून ठेवलेलं प्लास्टिकचं स्टूल होतं, त्याच्यावर मी हात ठेवला. तेही गरम होतं.

ऊन येतं खिडकीतून, मी स्वतःला सांगितलं. खिडकी बंद होती.

मी सेटिंगचं पान उघडलं. एक आणि दोन. दोन्ही स्क्रीनवर एकच चित्र दाखवायची सोय त्यात असते. एकावरचं दोनवर जातं, म्हणजे दोनवरचं एकावर येईल, असं मला वाटलं. यायला नको होतं खरं तर. पण मी ते दाबलं. स्क्रीन काळी झाली आणि लागली.

खोली होती. हीच. भिंतीच्या बाजूनं बघितलेली. बाक, दार, दारातून पडलेलं ऊन, सगळं जागच्या जागी. खुर्चीत साधना बसलेली होती, आणि त्याच वेळी मला भिंतीपलीकडून तिच्या बांगड्या ऐकू येत होत्या, ती आलं कुटत होती. स्टुलावर तिच्या शेजारी एक माणूस पाठमोरा बसला होता. मोतिया कोट. डावा खांदा जरा उतरलेला, बॅग वाहून वाहून माझा उतरला आहे तसा. ती त्याच्याकडे वळून बसली होती आणि तिचे दोन्ही हात त्याच्या तोंडाला लागलेले होते. हनुवटी धरून, मान जरा इकडे, जरा तिकडे, डोळे बारीक करून. ती चेहरा बसवत होती.

माझ्या चेहऱ्याला तिनं असा हात कधी लावला नव्हता. मीच लावू दिला नव्हता.

मग त्या माणसाचा उजवा हात कोटाच्या बाहीतून पुढे आला आणि तिकडच्या टेबलावरच्या माउसवर गेला. माझा हात माझ्या माउसवर होता, स्थिर. स्क्रीनवरचा बाण हलला. सावकाश, सेटिंगच्या यादीकडे. फक्त एक नंबरवर दाखवा. फक्त दोन नंबरवर दाखवा. बाण दुसऱ्या ओळीकडे चालला होता.

मी माउस खेचला. बाण थरथरला, वर आला, परत खाली ओढला गेला. ताकद सारखीच होती. खरं सांगतो, तेव्हाही माझ्या मनात एकच होतं, की ही बायको माझी आहे. मी दोन्ही हातांनी माउस ओढला आणि पहिल्या ओळीवर दाबलं.

स्क्रीन काळी झाली. लागली. रोजचं चित्र, रोजचे आयकॉन, आणि मध्ये चौकट, हा बदल ठेवायचा का म्हणून. उत्तर दिलं नाही की आपोआप पहिल्यासारखं होतं. मी उत्तर दिलं. ठेवायचा. पानावर आता दोन नंबरचा चौकोन विझलेला होता. मी बाण उजवीकडे नेला. तो कडेला अडला.

मीच आधी दाबलं होतं. याबद्दल मला शंका नाही.

७

भिंतीपलीकडे आलं कुटण्याचा आवाज थांबला होता. चहा उकळत होता, मग तोही आवाज थांबला.

मी उठलो. मला तिला ते वाक्य म्हणायचं होतं. तुझ्या हातात जादू आहे. चहा घेताना म्हणायचं, रोज म्हणायचं, चारचौघांत म्हणायचं, असं मी ठरवलं होतं. तोंडात शब्द जुळवून उभा होतो.

साधना पडदा सारून बाहेर आली. हातात तांब्याचा गडू आणि स्टीलचा पेला. मला बघून तिनं पदर सारखा केला. चेहऱ्यावर हसू होतं, पण ते दुकानातलं हसू होतं.

"बसा ना जी," ती बाकाकडे हात करून म्हणाली. "कोणत्या गावचे तुमी?"

"साधना," मी म्हणालो.

"हाव, मीच साधना. बोर्डावर पाह्यलं असन तुमी." तिनं पाणी पुढे केलं. तिची बोटं पेल्याला लागलेली होती, मी पेला धरताच तिनं ती पटकन काढून घेतली, परक्या माणसापासून काढून घेतात तशी. "काय बनवाचं हाये? बॅनर का अल्बम?"

"साधना, मी जगदेव आहे."

"हो का?" ती कौतुकानं म्हणाली. "आमच्या मालकाचं बी नाव जगदेवच हाये. आत चहा घेऊन राह्यले. येतीन आता."

आत कपबशी वाजली. कोणीतरी दोनदा घसा साफ केला. फक्त एक नंबरवर दाखवा, एवढंच मी दाबलं होतं; दोघांपैकी कोणाला ठेवायचं, ते त्या चौकटीनं विचारलंच नव्हतं.

माझा हात खिशाकडे गेला, आधार कार्ड काढायला, फोटो दाखवायला. पण ती बोलत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर जे आलं होतं ते बघून माझा हात तिथंच राहिला. नऊ वर्षं मी गिऱ्हाइकांच्या तोंडून तिचं कौतुक ऐकत आलो होतो. माझ्याबद्दल कोणीतरी असं बोलावं म्हणून मी आतल्या आत झुरलो होतो.

"लोक माहं नाव घेतात," साधना पडद्याकडे बघत म्हणाली, "पण खरं सांगू का दादा, मले शिकवलं त्याईनं. त्याईच्यासारखा माणूस तुमाले अख्ख्या जिल्ह्यात भेटनार नाई."

पडदा हलला. मी बाकावर बसलो.